गडाखालचं हेल्दी जेवण

आमच्या घरातल्या बाईमाणसाला रात्र घराबाहेर काढायची तर दोनच कारणं चालत: कोणाचं लग्न, नाहीतर कोणाचं मयत. बाळंतपण हे तिसरं कारण, पण ते लग्नातूनच निघतं, म्हणून मी त्याला वेगळं धरत नाही. माझी थोरली बहीण मालूताई दहावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आली आणि पेपरातल्या चुका कळायच्या आत तिचं लग्न होऊन गेलं. एकदा मी तिला विचारलं, "ताई, लग्नाच्या आधी तू कुठं कुठं गेलीस गो?" तर बराच विचार करून म्हणाली, "मामाच्या लग्नाला गेलते. आन मंग मामीच्या दहाव्याला." एवढाच तिचा प्रवास, आणि तोही एकाच घरचा. मी दहावीत गेले तशी आमच्याही ओट्यावर चहा प्यायला अनोळखी माणसं येऊन बसू लागली. त्यातलं एक घर माझ्या बापाला, आमच्या बाला, बरं वाटलं होतं. भात झोडून झालं की ती मंडळी बोलणी पक्की करायला येणार होती. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारतील अशी आशाही नव्हती. माझं मागणं एकच होतं: कोणाचं लग्न नाही, कोणी मेलेलं नाही, अशी एक रात्र मला घराबाहेर पाहिजे होती. एकच.

हल्ली शनिवार-रविवारी आमच्या दारावरून तानशाच्या बाजूला गाड्यांची रांग जाते. शहरातली पोरं-पोरी तलावाकाठच्या शेतांत तंबू ठोकून झोपतात, आणि ज्या शेतात आम्ही कंबर मोडेस्तोवर लावणी केली तिथे झोपायचे ते पैसे देतात. मागे एक मुलगी पाणी मागायला दारात आली. अर्धी चड्डी, डोळ्यांवर काळा चष्मा, गोड पोर. म्हणाली, "आजी, इथे ॲव्होकाडो मिळेल का? आमचं हेल्दी कॅम्पिंग आहे." मी म्हटलं, "करवंदं मिळतील, तीपण मे महिन्यात." बिचारी हसली आणि गेली. पण तो 'हेल्दी' शब्द कानावर पडला आणि मी एकटीच ओट्यावर बसून इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं. त्या एका शब्दाने आमच्या घराण्यात काय उलथापालथ केली ते सांगायचं तर कर्णिक बाईंपासून सुरुवात करावी लागेल.

कर्णिक बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. रोज ठाण्याहून येत, आणि त्यांच्या डब्यात काय आहे हा आमच्या वर्गाचा अभ्यासाबाहेरचा विषय होता. कधी नुसती काकडी, कधी उकडलेले चणे, कधी न भाजलेले, न तळलेले, न शिजवलेले असे काहीतरी हिरवे कोंब. आम्हाला वाटायचं बाईंच्या घरी गॅस संपलाय. त्या बाईंनी एका दुपारी जाहीर केलं की आपण वर्गातल्या मुलींचं शिबिर काढायचं, सिद्धगडाच्या पायथ्याशी. एक रात्र तंबूत आणि सकाळी गड. वर्गात एवढा कालवा झाला की शेजारच्या वर्गातले सर छडी घेऊन आले. मुलांची शिबिरं नेहमी जात. मुलींचं कधी गेलं नव्हतं. हेडसरांनी हो म्हटलं, पण कसं? "एकदाच. मी स्वतः संध्याकाळी येऊन बघणार. काही वावगं दिसलं तर जागच्या जागी गुंडाळायचं, आणि माझ्या शाळेत मुलींच्या शिबिराचं पुन्हा नाव काढायचं नाही."

म्हणून बाईंनी चंग बांधला की सगळं आदर्श व्हायला पाहिजे, आणि आदर्श म्हणजे त्यांच्या लेखी जेवण. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं 'हेल्दी आहार'. तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. तळलेलं बंद. साखर बंद. फरसाण, शेव, बटरं बंद. इथे मागच्या बाकावरून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. सकाळी नाचणीची आंबील. जेवायला मोड आलेली मटकी, भाकरी, कच्चं गाजर. गड चढताना खायला गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू, तेही प्रत्येकीने स्वतःच्या कमरेला फडक्यात बांधून घ्यायचे, म्हणजे वाटेत कोणी चक्कर येऊन पडणार नाही. "शरीर हे यंत्र आहे," बाई म्हणाल्या. "चांगलं इंधन घातलं तर चांगलं चालतं." माझी मैत्रीण विमल हळूच म्हणाली, "बाई, मटकीनं आवाजपन करतं." बाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे गेल्या.

घरी मी हा आहार सांगितला तेव्हा आय चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आमच्या घरातली संध्याकाळ म्हणजे तो थापट्यांचा आवाज, निखाऱ्यावर भाजणाऱ्या सुक्या बोंबलाचा वास, आणि वाशिंदच्या कारखान्याचा भोंगा. भोंग्यानंतर थोड्या वेळाने बाची सायकल खडखडत यायची. आय म्हणाली, "मोड आलेली मटकी खाऊन गड चढनार? आन एका तंबूत एवढ्या पोरी? राती तंबू उडून जाईल गो." तिच्या मते डोंगर चढायला माणसाला तीन गोष्टी लागतात: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. बाकी सगळी पुस्तकातली थेरं. मी मात्र ठरवलं होतं की बाला पटवायचं तर आधी आपण हेल्दी होऊन दाखवायचं. मी मटकी भिजवली, फडक्यात बांधून खुंटीला लटकवली, मोड आणले आणि रोज सकाळ-संध्याकाळ कच्ची चावू लागले. परिणाम एवढाच झाला की माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि माझा धाकटा भाऊ माझ्याजवळ झोपेना.

बा तसा वाईट माणूस नव्हता. हे मी आज म्हणते. तेव्हा मला तो जगातला सगळ्यात मोठा खडूस वाटायचा. कारखान्यात लागल्यापासून त्याच्या बोलण्यात टाइम, शिफ्ट, फास्ट असले शब्द आले होते आणि नवा इंग्रजी शब्द मिळाला की तो आठवडाभर घरात वापरून झिजवायचा. शिबिराचं ऐकून तो आधी "बगू" म्हणाला. आमच्या घरात 'बगू' म्हणजे 'नाय'. मी रडले, अबोला धरला, मटकी चावत त्याच्यासमोर बसून राहिले. शेवटी मटकी चावल्याचा आवाज त्याला असह्य झाला असावा. एका रात्री जेवताना म्हणाला, "तुजी हौसाआत्या तितंच हाय, गडाखाली. ती जेवान करनार आसंल, तिच्या नजरंखाली ऱ्हानार आसंल, तर जा." मी ताट तसंच टाकून अंगणात तीन गिरक्या मारल्या.

हौसाआत्या म्हणजे बाची थोरली बहीण. आई लवकर वारल्यामुळे तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. अंगाने धिप्पाड, आवाज असा की एका डोंगरावरून हाक मारली तर दुसऱ्या डोंगरावरचा गडी "काय गो?" म्हणेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुरबाडकडच्या गावांत हळदीचं जेवण करावं तर हौसाबाईनेच, अशी तिची ख्याती. आता ज्यांना आमच्याकडची हळद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न उरकतात, हळद साजरी करतात. लग्नाला वरणभात, हळदीला बोकड. लग्नाला भटजी, हळदीला बेंजो आणि मोहाची दारू. लग्नाला आलं नाही तर चालतं, पण हळदीचं आवतण चुकलं तर माणसं मरेपर्यंत बोलत नाहीत.

तर बाने आत्याला निरोप धाडायचं ठरवलं. आत्याच्या गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. वाशिंद स्टेशनाबाहेरच्या फोनवाल्याकडे बा मला घेऊन गेला, आणि नवीन शब्द वापरायची संधी मिळाली म्हणून चांगला केस विंचरून गेला. मी शेजारी उभी होते, त्यामुळे मला त्याची एकच बाजू ऐकू आली. "हॅलो! हॅलो! मी दामू बोलतो, हौसाबाईचा भाव! तिला निरोप सांग. शनवारी येतान समदी. जेवान करायचंय. हेल्दी! हेल्दी जेवान! अरे हेल्दी रे, हेल्दी! ... हां! ... कोनाचं म्हंजे? आमच्या सुमीचं! हां, सुमीचं! तिच्यासंगती वीसेक पोरी हायेत, आन एक बाई. ... नाय नाय, जास्ती गाजावाजा नको. साधं, थोडक्यात. तेल कमी. टाइम कमी हाय ना, घाईत ठरलंय." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि समाधानाने म्हणाला, "लय हुशार वाणी. एका फटक्यात समाजला."

शनिवारी आम्ही एस्टीने मुरबाडला आणि तिथून टेम्पोने गडाखाली पोचलो. पाठीवर दप्तरं, कमरेला लाडवांची फडकी, मांडीवर मोड आलेल्या मटकीची गाठोडी आणि गाजर-काकड्यांचं एक पोतं. आयने माझ्या पिशवीत तळाशी सुकटीची चटणी लपवली होती. ती लपली नव्हती, अख्ख्या टेम्पोला ठाऊक झाली होती. सिद्धगड समोर उभा, भात कापलेली पिवळी शेतं, हवेत गारवा. आणि आत्याच्या अंगणात मांडव. चांगला जांभळीच्या टहाळ्यांनी शाकारलेला, मध्ये उंबराची फांदी रोवलेली, कोपऱ्यात जात्यावर बायका हळद दळतायत, मांडवाच्या मेढीला एक काळा बोकड बांधलाय आणि बेंजोवाले ताशाला ताव देतायत. कर्णिक बाईंचे डोळे भरून आले. "मुलींनो, बघा," त्या म्हणाल्या, "ग्रामीण आदरातिथ्य याला म्हणतात."

आत्या ताट घेऊन पुढे आली. मला ओवाळलं, दोन्ही हातांनी हळद घेऊन माझ्या गालांना, कपाळाला, हातांना फासली आणि माझी हनुवटी धरून रडायला लागली. मला वाटलं बऱ्याच दिवसांनी भेटलो म्हणून. मग तिने मला बाजूला ओढलं आणि तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "खरं सांग गो पोरी. एवढ्या घाईनं कशाला? काय लपवतंस?" तेवढ्यात तिचा हात माझ्या पोटाला लागला. तिचा चेहरा उतरला. "ह्ये कशानं फुगलं?"

"मटकीनं," मी म्हटलं.

"कोन मटकी?"

मी गाठोडं दाखवलं. तिने ते उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि जिवात जीव आल्यासारखी मट्कन खाली बसली. माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं, पण तोपर्यंत बेंजो सुरू झाला होता आणि बायकांनी बाकीच्या मुलींना घेरलं होतं. त्यांच्या हिशेबात त्या सगळ्या करवल्या. एकीलाही सोडलं नाही. विमलच्या तर कानात हळद गेली. बाई लांबून ओरडून सांगत होत्या, "लावून घ्या, लावून घ्या! हळद जंतुनाशक आहे!" आणि मग स्वतःही गाल पुढे करून उभ्या राहिल्या.

दुपारी तंबू ठोकून झाल्यावर बाई आहाराच्या तयारीची पाहणी करायला चुलांकडे गेल्या. मी त्यांच्या मागे होते, म्हणून पुढचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं. आत्याने पदर डोक्यावर घेतला आणि अदबीने विचारलं, "बाई, पावने कवा येतान?" पाहुणे म्हणजे हेडसर, असं बाईंना वाटणं साहजिकच होतं. "येतील संध्याकाळपर्यंत," त्या म्हणाल्या. "जरा कडक आहेत हं स्वभावाने. पण मनाचे चांगले."

"कामधंदा?"

"शाळा त्यांचीच म्हणायची. सगळं त्यांच्याच हातात."

"मंग बरंय. वय काय म्हनायचं?"

बाई विचार करून म्हणाल्या, "दोनेक वर्षांत निवृत्त होतील."

आत्याच्या हातातला डाव खाली पडला. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही; त्या गाजराचं पोतं शोधायला गेल्या होत्या. पोतं मेढीजवळ सापडलं, पण रिकामं. सगळी गाजरं आणि बऱ्याचशा काकड्या बोकडाने संपवल्या होत्या आणि तो शांतपणे रवंथ करत उभा होता. त्या अख्ख्या शिबिरात हेल्दी आहार मनापासून खाल्ला तो त्या एका जिवाने. संध्याकाळच्या आत त्याचंही हांडीत गमन झालं, म्हणजे आहार शेवटी आमच्यापर्यंत पोचलाच म्हणायचा.

सूर्य मावळायच्या बेताला भाड्याची जीप आली. पुढे हेडसर, आणि त्यांच्या शेजारी बा. सकाळची शिफ्ट संपवून तो पोरीचं शिबिर बघायला म्हणून मुरबाडहून त्यांच्याच जीपमध्ये बसला होता. हेडसर उतरले. सफेद शर्ट, चष्मा, काखेत पिशवी. मांडव, बेंजो, हांड्यांतून उठणारी वाफ आणि आपल्या शाळेच्या वीसेक पिवळ्याधमक मुली, हे सगळं त्यांनी एका नजरेत घेतलं आणि तोंड उघडलं. पण त्यांच्या तोंडातून शब्द यायच्या आत आत्या समोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात मटण ढवळायचा लाकडी डाव.

"लाज नाय वाटत?" ती म्हणाली. "पिकल्या केसांचा बाप्या तू! तुजी नात शोभंल ती पोर!"

हेडसर दोन पावलं मागे सरले आणि जीपला टेकले. आत्याने त्यांना तिथेच सोडलं आणि ती बाच्या बाजूला वळली. आणि मग तिचा आवाज बदलला. मी तिला ओरडताना शंभरदा ऐकलं होतं, असं कधी ऐकलं नव्हतं. "आन तू रे दाम्या? तू? मला दिली तशी हिला देतंस? पंधरा वर्साची व्हते मी. त्याची पयली बायको मेलेली, माज्यापेक्षा मोठा त्याचा ल्योक. हळद लागली तवा मी बाबाच्या पाया पडले व्हते, नको म्हनले व्हते. कोनी आयकलं नाय. तू माज्या पायाला मिठी मारून बसला व्हतास, मांडवात, आठवतंय? तुला उचलून बाजूला केला. समदं इसरलास? ही पोर मी नाय देनार. बोकड कापला तर कापला. मांडव जाळून टाकीन, पन पोर नाय देनार!"

बेंजो थांबला होता. बा म्हणाला, "बाय, कोनाला देतो? काय बोलतंस?"

"मंग ही हळद कोनाची?"

"कसली हळद?"

"तूच ना निरोप धाडलास? वान्यानं सांगितलं, सुमीची हळद, हळदी जेवान कर, घाईत ठरलंय, गाजावाजा नको!"

बाने हळूहळू कपाळावर हात मारला. "हेल्दी," तो म्हणाला. "हेल्दी गो बाय. हळदी नाय. हेल्दी." आणि तो शब्द त्याने पुन्हा कधी, मरेपर्यंत, तोंडातून काढला नाही. पहिली हसली विमल. मग आम्ही सगळ्या, मग जात्यावरच्या बायका. कर्णिक बाई तर जमिनीवर बसून पोट धरून हसत होत्या. आत्या हसली नाही. ती डाव घेऊन तशीच उभी होती, आणि बा तिच्याकडे बघत होता.

हेडसरही हसले नाहीत. त्यांचा चष्मा पुसून झाला आणि त्यांनी निकाल दिला. "गुंडाळा. आत्ताच्या आत्ता. मोठ्या गाडीची सोय करतो मी मुरबाडहून. आणि यापुढे मुलींचं शिबिर हा विषय संपला." बाईंनी हसू आवरून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला; त्यांनी हाताने थांबवलं. ज्या एका रात्रीसाठी मी एवढी मटकी खाल्ली ती रात्र समोर आली होती, सूर्य बुडत होता, तंबू उभे होते, आणि मला पुन्हा टेम्पोत घालून घरी नेणार होते, जिथे पाहुण्यांसाठी चहाची भांडी घासून ठेवलेली. मी रडायला लागले. लाज सोडून, हळदीचे ओघळ गळ्यापर्यंत येईस्तोवर रडले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग हेडसरांकडे. "मास्तर," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज एकदम साधा होता, बाजारात भाव करावा तसा. "हळद लागल्याली पोर मांडव सोडून जात नाय. वाटंत वाईट वारं लागतं. तुमच्यात चालतं का?" हेडसर मुरबाड तालुक्यातलेच. घरी लग्नाच्या दोन मुली. ते घुटमळले. "ही अंधश्रद्धा आहे," असं ते म्हणाले खरे, पण गडाकडे बघत. "आसंल," आत्या म्हणाली. "तुमी शिकलेले. मंग आसं करा, ह्या वीस पिवळ्या पोरी अंधार पडल्यावर एकेकीच्या दारात नेऊन सोडा. तिच्या बापाला काय सांगायचं, त्ये आताच ठरवून ठेवा."

हेडसरांनी डोळे मिटले. त्यांना ती वीस दारं दिसत असावीत. उरलेला प्रश्न जीपच्या ड्रायव्हरने सोडवला: तो मांडवाच्या मागे बेंजोवाल्यांबरोबर मोहाची घेत बसला होता, आणि उठायला गेला तो पुन्हा बसला. मग काय, जेवणं झाली. तांदळाचे वडे, मटण, आणि बाईंसाठी आमच्याच मटकीची उसळ, आत्याच्या वाटपातली, वर चार बोटं तेल. बाईंनी तीनदा घेतली. हेडसर "मी फक्त भात घेईन" म्हणून बसले, आणि रस्सा कोणी वाढला, किती वेळा वाढला, याची आम्ही शाळेत कधी वाच्यता केली नाही. माझ्या चटणीलाही न्याय मिळाला. आज डॉक्टर मला तेल कमी करा म्हणतो तेव्हा मला ती उसळ आठवते आणि मी त्याला हो म्हणून घरी येते.

उजाडायच्या सुमाराला थंडीने मला जाग आली. तंबूतून तोंड बाहेर काढलं तर आत्या चुलीवर आंबील ढवळत बसली होती, बाईंच्या आहारातून ती आणि आमचे लाडू एवढंच वाचलं होतं, आणि बा शेजारी उकिडवा बसून हात शेकत होता. मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बा म्हणाला, "बाय, त्या टायमाला मी पाच वर्सांचा व्हतो गो. मी काय करनार व्हतो?"

आत्या ढवळायची थांबली नाही. म्हणाली, "तवा ल्हान व्हतास रे. आता हायेस ना मोठा?"

आम्ही आंबील प्यायलो, लाडवांची फडकी कमरेला बांधली आणि गडाच्या वाटेला लागलो. बाला दुपारची शिफ्ट होती. तो गेला नाही. माझी पिशवी खांद्यावर टाकून सगळ्यात मागून चढत राहिला, धापा टाकत, आणि वर पोचल्यावर माझ्या फडक्यातले तीन लाडू त्याने खाल्ले. पुढच्या आठवड्यात बोलणी पक्की करायला येणारी मंडळी आलीच नाहीत. आयने दोनदा ओटा सारवला, वाट पाहिली आणि शेवटी बाला विचारलं, "काय वो, सुमीच्या पावन्यांचं काय झालं?" बा जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "मीच सांगून आलो, येऊ नका म्हनून. पोरीची हळद झाली ना एकदा? आता तिला शिकू दे."